खात्रीचा जॅक

"आवाज येतोय तोवर बिनघोर राहा. ठोकतील, घासतील, एखादं डबडं पाडतील, लक्ष देऊ नकोस. आवाज थांबला की मात्र हातातलं टाकून जा आणि बघ." सासूबाई रिक्षात एक पाय ठेवून सांगत होत्या. "आणि हे बघ केतकी, त्यांनी जर असं म्हटलं..."

पुढचं मी ऐकलंच नाही. एका हाताने मी डिंकाच्या लाडवांचा डबा सीटखाली सरकवत होते. कडेवर रेवा होती, तिची एक चप्पल बरोब्बर गटारावर लोंबत होती, आणि बेळगावची गाडी चुकेल म्हणून रिक्षावाला घाई करत होता. "हो आई, बघते मी," म्हणून मी मोकळी झाले. नणंदेच्या बाळंतपणासाठी सासूबाई अडीच महिने गेल्या आणि सांगलीच्या त्या घरात मी, तीन वर्षांची रेवा आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, असे तिघं उरलो. निरंजन, माझा नवरा, चाकणच्या कारखान्यात. तो फक्त रविवारपुरता घरी यायचा.

या गोष्टीला सात वर्षं झाली.

खरं सांगायचं तर मला त्या सूचनेचं हसू आलं होतं. गप्प झालं की जाऊन बघावं, हा नियम लहान मुलांचा. रेवाच्या बाबतीत मी तो इतका काटेकोर पाळत असे की ती शांत झोपली तरी नाकापुढे बोट धरून बघायचे. पण पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढलेल्या एक्काहत्तर वर्षांच्या माणसाला हा नियम? शिवाय मी एम.एस्सी., तेही सूक्ष्मजीवशास्त्रात. न दिसणाऱ्या गोष्टींना घाबरायचं माझं रीतसर शिक्षण झालेलं. दिसणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसतातच, असा माझा समज होता.

दिसणारी गोष्ट साडेसहा फूट उंच होती. मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट.

त्याच्या पुढच्या डाव्या पायाखालची शहाबादी फरशी खचली होती. त्यामुळे ते कपाट कुणाला तरी नमस्कार करायला निघाल्यासारखं किंचित पुढे वाकलेलं असे आणि त्याचं एक दार आपोआप उघडत असे. आप्पांना हे सहन व्हायचं नाही. कालव्याला मैलाला किती इंच उतार द्यायचा, यात ज्याचा जन्म गेला त्याला घरात काही कललेलं कसं चालणार? खिशाला लोक पेन लावतात, तशी आप्पा लेव्हलची छोटी बाटली लावत. पिवळं पाणी, मधे बुडबुडा. भिंतीवरचे फोटो झाले, देवघराची फळी झाली, एकदा माझ्या भाकरीवरही त्यांनी ती ठेवून पाहिली. "केतकी, उजवीकडे जाड आहे," म्हणाले.

एका दुपारी मी मागच्या खोलीत गेले तर कपाटाचं दार उघडं आणि सगळ्यात खालच्या खणात रेवा मांडी घालून बसलेली.

"आई, हे माझं घर. तू बेल वाजव."

मी बेल वाजवली नाही. तिला ओढून बाहेर काढताना माझा खांदा दाराला लागला आणि ते सगळं धूड एकदा पुढे डुललं, परत मागे गेलं. मी लगेच परकराची नाडी आणून दोन्ही हँडलं एकमेकांना बांधून टाकली.

"हे कपाट सरळ झालं पाहिजे. याच आठवड्यात," मी आप्पांना सांगितलं.

आप्पांचा चेहरा फुलला. "अगं, तुझ्या सासूला मी अकरा वर्षं हेच सांगतोय! पहार घालायची, उचलायचं, पायाखाली ठोकळा सारायचा. अर्ध्या तासाचं काम."

"पहार नाही. पहार सटकली की संपलं. आणि पहारीवर लोंबकळणार कोण? तुमचं वजन बावन्न किलो."

"त्रेपन्न."

"आधी कपाट रिकामं करू."

मी धरण फोडायला निघाल्यासारखं आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. वरच्या दोन खणांत सासूबाईंच्या साड्या होत्या. त्यांची चळत लावायची एक पद्धत होती आणि ती जगात फक्त सासूबाईंना माहीत होती. "एक घडी इकडची तिकडे झाली तर बेळगावात कळेल तिला," आप्पा खालच्या आवाजात म्हणाले. रिकामं करायचा विषय आम्ही दोघांनीही तिथेच सोडला.

"मग जॅक आणू या," मी म्हटलं. "गाडी उचलायचा असतो तसा. पेचाने हळूहळू वर जातो."

"आणायचा कशाला? आहे की!"

आप्पांनी माळ्यावरून तो काढला. घरातली गाडी विकून पंधरा वर्षं झाली होती. गाडी गेली, जॅक राहिला. "घेणाऱ्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही," ते म्हणाले. दांडा फिरवला की तो जॅक एक आटा वर जायचा आणि मग विचार बदलल्यासारखा अर्धा आटा खाली यायचा.

"हा नाही चालणार."

"अगं, यावर आम्ही कोयनेच्या घाटात..."

"आप्पा. रेवा."

या एका शब्दापुढे घरात कुणाचं चालत नसे. आप्पांनी जॅक पिशवीत घातला. निरंजननेही फोनवर बजावलं, "जॅक आणायचा तो आणा, पण रविवारी मी येईपर्यंत कुणी कपाटाला हात लावायचा नाही. आप्पांना सांग."

"आप्पांना तू सांग."

"तूच सांग. तुझं ऐकतात."

चांगला जॅक कसा ओळखायचा हे मला माहीत नव्हतं. माहीत नसलेली गोष्ट मी विचारून घेते. कॉलनीच्या भगिनी मंडळाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, चौसष्ट बायकांचा. त्यावर मी नीट विचार करून लिहिलं: "नमस्कार. कुणाच्या माहितीत चांगला जॅक आहे का? घरच्या लहानशा कामासाठी हवा आहे. घरात लहान मूल आहे, त्यामुळे सुरक्षित आणि खात्रीचाच हवा."

ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. एरवी तिथे हरवलेल्या डब्याच्या झाकणावर दिवसभर चर्चा चालायची. पाच मिनिटांनी समोरच्या घरातल्या सुलभाकाकूंचा मला एकटीला निरोप आला.

"असं चारचौघीत विचारू नये गं. आहे एक ओळखीत. एकदम खात्रीचा."

मला बरं वाटलं. मी लिहिलं, "हलका आहे का? उचलून आणता येईल असा बघतेय."

"हलका कुठला! चांगला भारी आहे. पण तुझ्या घरी येईल, ती काळजी नको."

"किती वजन चालेल त्याला?"

यावर काकूंनी लिहिलं, "वजन ठेवावं लागतं की नाही ते विचारून सांगते. तुझी तयारी किती आहे?"

"साधारण दोनशे किलो," मी लिहिलं.

बराच वेळ काकू काहीतरी लिहीत होत्या आणि पुसत होत्या. शेवटी आलं, "एवढं नाही गं लागत."

मला वाटलं, काकूंना यातलं फारसं कळत नसावं. मी सरळ दुकान गाठलं.

शंभर फुटी रस्त्यावर शकीलभाई मुजावरांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आप्पा आणि रेवा बरोबर होते, पण आप्पा आत आले नाहीत. दुकानाची पाटी डावीकडे कललेली त्यांना दिसली होती आणि ते खालून बाटली धरून रेवाला बुडबुडा दाखवत होते. मी वही उघडून बाकावर बसले.

"बोला वैनी. कुठली गाडी?"

"गाडी नाही. कपाट आहे."

शकीलभाईंनी हातातला चहा खाली ठेवला. "कंचं मॉडेल?"

"लोखंडी. दोन दारांचं."

"बरं." त्यांनी काउंटरवर एकेक जॅक मांडायला सुरुवात केली. पहिला बाटलीसारखा, बुटका. "ह्यो तेलावर चालतो. भरलेला ट्रक उचलंल." मी टेप लावली. कपाटाखाली जागा सव्वाचार इंच, हा उभाच साडेसात इंच. बाद. दुसऱ्याला चाकं होती. "चाकं म्हणजे सरकणार," मी म्हटलं. "सरकतोय. अन घरी न्यायला दुसरा जॅक लागंल, इतका जड हाय," म्हणत त्यांनीच तो बाजूला ढकलला. तिसरा कात्रीसारखा मिटणारा. मिटला की पावणेचार इंच, वजन जेमतेम तीन किलो. मी त्याचा तळ मोजला, वरची खाच बघितली, आट्यांवरून बोट फिरवलं.

"दांडा फिरवताना हात सुटला तर खाली येईल का?"

"पेचाचा हाय. हाय तिथंच ऱ्हातो."

"म्हणजे सुरक्षित?"

शकीलभाईंनी माझ्या वहीकडे पाहिलं. "लिवून घ्या. जॅक उचलतो, धरत न्हाई. थोडं उचलायचं की लगीच ठोकळा. पुन्हा उचलायचं, पुन्हा ठोकळा. ठोकळा काठीनं ढकलायचा, हात कवाच खाली घालायचा न्हाई. अन जॅकखाली जाड फळी. खचलेली फरशी आतनं पोकळ असती, तिच्यावर नुसता ठेवला तर जॅकच खाली जाईल, कपाट न्हाई उठणार."

"गॅरंटी?"

"जॅकची एक वरीस. लावणाऱ्याची न्हाई."

जुना जॅक त्यांनी दोनदा फिरवून भंगाराच्या ढिगावर टाकला. तेवढ्यात आप्पा आत आले. "दांडा तरी द्या. दांडा चांगला आहे," म्हणाले आणि ती वाकडी सळई पिशवीत घालूनच बाहेर पडले.

घरी आल्यावर मी सगळे नियम मोठ्या अक्षरांत लिहून कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. आप्पांनी तो शांतपणे वाचला. मग काढला, लेव्हल लावली आणि सरळ चिकटवला. मी नव्या जॅकचा दांडा तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरून ठेवला. जुना दांडा नव्या जॅकला लागेल हे एम.एस्सी.त कुणी शिकवलं नव्हतं.

सुलभाकाकूंना कळवलं, "जॅक मिळाला. आता नको."

लगेच उत्तर आलं. "आता नको कसं म्हणतेस? मी शब्द टाकलाय. उद्या दुपारी तीनला येतायत."

येतायत? मला वाटलं, जॅकबरोबर माणूसही येत असेल, चालवायला. येऊ दे. बघून तरी घेईल.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. रेवा जेवून झोपली होती. तीनला बेल वाजली तेव्हा मागच्या खोलीतून आवाज येत होता. कर्र, कर्र, टक. कर्र, कर्र, टक. आप्पा काहीतरी करत होते. आवाज येतोय तोवर बिनघोर.

दारात सुलभाकाकू आणि त्यांच्यामागे दार भरून एक गृहस्थ. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळाला गंध, हातात दोन फोन. "हे डी. के. खोतसाहेब," काकूंनी ओळख करून दिली. "आपल्या वॉर्डात यांच्याशिवाय पान हलत नाही."

खोतसाहेब कोचावर बसले. कोच एका बाजूला कलला. आप्पांनी बघायला हवं होतं, असं मनात आलं.

"ताई, सुलभाताईंनी कानावर घातलंय," ते म्हणाले. "तुम्ही निर्धास्त राहा. एकदा आपला हात लागला की काम वर गेलंच समजा."

"फार वर नकोय," मी म्हटलं. "दोन इंच पुरे."

ते समजूतदारपणे हसले. "साधी माणसं आहात. वय किती?"

"पस्तीस होतील. सासूबाईंच्या लग्नातलं आहे."

खोतसाहेबांनी सुलभाकाकूंकडे पाहिलं. सुलभाकाकूंनी पंख्याकडे.

"नाही, तरी... जन्मदाखला असेल ना?"

"कपाटाचा?"

"मुलीचा हो, ताई! शाळेत घालायची ना मुलगी?"

आणि मग माझ्या डोक्यात हळूहळू, एकेक आटा करून, उजेड पडला. नोव्हेंबर महिना. नदीपलीकडच्या त्या इंग्रजी शाळेच्या नर्सरीचे फॉर्म. मीही भरला होता, पण आपली कुठे ओळख, म्हणून सोडून दिला होता. कॉलनीतल्या प्रत्येक आईला त्या महिन्यात एकाच प्रकारचा जॅक, म्हणजे वशिला, हवा होता, आणि मी तो चौसष्ट बायकांसमोर मागितला होता. वर दोनशे किलो वजन ठेवायची तयारी दाखवली होती.

मी हसून खरं काय ते सांगायला हवं होतं. पण तो जॅक, खराखुरा, माझ्या कोचावर बसला होता आणि रेवाचा जन्मदाखला मागत होता.

तेवढ्यात मागच्या खोलीतून धप्प असा आवाज झाला. मग शांत.

"आप्पा, काय झालं?" मी बसल्या जागेवरूनच हाक मारली.

"काही नाही, काही नाही!" आतून आप्पांचा स्वच्छ आवाज आला. "तुमचं चालू द्या!"

मला उलट बरंच वाटलं. पाहुण्यांसमोर ठोकाठोक नको. मी उठले आणि रेवाची फाइल आणली. जन्मदाखला, लशींचं कार्ड, दर महिन्याच्या वजनाचा आलेख, कोणत्या तारखेला कोणता दात आला त्याची यादी. खोतसाहेब दातांच्या यादीपाशी थांबले. "एवढं तर आमच्या वॉर्डाचं रेकॉर्ड नाही," म्हणाले. मग त्यांनी आजवर कुणाकुणाची कामं वर नेली ते सांगायला घेतलं. पाण्याचं कनेक्शन, बदली, एकदा तर मोडलेलं लग्न. मी मान डोलवत होते आणि लशींच्या कार्डावरचा एक पुसट शिक्का त्यांना दिसू नये म्हणून त्यावर अंगठा ठेवून होते. दहा मिनिटं तरी गेली असतील.

दारात रेवा येऊन उभी राहिली. झोपेतून उठलेली, केस उभे.

"आजोबा लपलेत," ती म्हणाली.

"हो का? कुठे लपलेत?" काकूंनी लाडाने विचारलं.

"कपाटाखाली. कपाटाने त्यांचा हात धरलाय." तिने ओठांवर बोट ठेवलं. "श्शू. काका गेले की सांगायचं."

फाइल कुठे पडली मला आठवत नाही.

आप्पा पालथे पडलेले, गाल फरशीला टेकलेला, चष्मा दूर. कपाट पूर्वी नमस्कार करायला निघालं होतं, आता पाया पडायला आलं होतं. पोकळ फरशी फोडून नव्या जॅकचा तळ खाली गेला होता आणि जॅक दारुड्यासारखा तिरका झाला होता. त्याच्यात जुना वाकडा दांडा तसाच अडकलेला. नाडी ताणली गेली होती. आणि आप्पांच्या डाव्या हाताची दोन बोटं ठोकळा आणि कपाटाचा पाय यांच्यामधे होती.

"घाबरू नकोस," आप्पा म्हणाले. घामाने त्यांच्या गालाखालची फरशी ओली झाली होती. "मी विचार केलाय. हे पडणार नाही. एवढ्यात."

"रेवा, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही!" मी ओरडले आणि दांडा फिरवला. जॅक आणखी खाली रुतला. कपाट करकरलं. आप्पांनी दात ओठात रोवले, पण आवाज काढला नाही.

जॅक उचलतो, धरत नाही. मग धरणार कोण? मी मागे वळून पाहिलं. दारात शंभर किलोचा माणूस दोन फोन हातात घेऊन उभा होता.

"खोतसाहेब, धरा!"

"काय धरू?"

"कपाट! भिंतीकडे रेटा!"

"ताई, मला पाठीचा त्रास..."

"रेटा!"

त्यांनी फोन रेवाच्या हातात दिले. मग आधी दोन्ही तळवे लावले, मग खांदा, आणि शेवटी डोळे मिटून पोट. वॉर्डातली इतक्या वर्षांची सगळी वजनं त्या पोटात होती. कपाट भिंतीकडे झुकलं आणि पुढचा पाय बोटभर वर आला. मी आप्पांचा हात ओढून काढला. त्याच क्षणी नाडी तुटली, डावं दार धाडकन उघडलं आणि आधीच दारावर कललेली सासूबाईंची चळत खोतसाहेबांच्या डोक्यावर उतरली. आधी दोन इरकल, मग एक नारायणपेठ, मग बाकीच्या, ओळीने.

"सोडू का?" साड्यांखालून आवाज आला.

"नको!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

सुलभाकाकू स्वयंपाकघरातून दोन पाट घेऊन धावत आल्या. गुडघ्यांवर बसून पाट आत सारणार, तेवढ्यात त्यांची नजर दारावरच्या कागदावर गेली. "'हात खाली घालू नये, काठीने ढकलावं,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "अगं, इथे तर सगळं लिहिलंय!"

"माहीत आहे, काकू! लाटणं आणा!"

त्या लाटणं आणायला गेल्या. तेवढा वेळ खोतसाहेब चेहऱ्यावर इरकल घेऊन उभे होते, आणि उंबऱ्यात रेवा त्यांच्या वाजणाऱ्या फोनवर कुणाला तरी सांगत होती, "काका बिझी आहेत. काका कपाट झालेत."

लाटण्याने दोन्ही पाट पायाखाली सरकले. "आता हळू सोडा," मी म्हटलं. खोतसाहेबांनी आधी पोट काढलं, मग खांदा, मग एकेक तळवा. कपाट उभं राहिलं. सरळ.

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. उजव्या हाताने त्यांनी खिशातली लेव्हल काढली आणि माझ्यापुढे धरली. "लाव बघू."

मी लावली.

"सूतभर डावीकडे आहे," ते म्हणाले आणि मग त्यांनी डोळे मिटले.

खोतसाहेबांनीच आम्हाला त्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. रेवा सुलभाकाकूंपाशी राहिली. मागच्या सीटवर आप्पांचा हात टॉवेलात गुंडाळून मी मांडीवर धरला होता, आणि आता कुठे मला राग यायला लागला होता.

"हाक का नाही मारलीत? दहा मिनिटं! मी विचारलं तर म्हणता, काही नाही!"

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मोठा माणूस आला होता. रेवाच्या शाळेचं बोलणं ऐकू येत होतं. म्हटलं, बोटं काय, दहा आहेत. पोरीचं काम होऊन जाऊ दे."

पुढे कुणी आडवं आलं नव्हतं, तरी खोतसाहेबांनी दोनदा हॉर्न वाजवला.

ती दहा मिनिटं मी लशींच्या कार्डावर अंगठा ठेवून बसले होते.

एक बोट नुसतं सुजलं होतं. करंगळीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून परत आलो तेव्हा फाटकापाशी खोतसाहेब म्हणाले, "ताई, तो जन्मदाखला द्या. उद्याच शब्द टाकतो."

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "नको साहेब. एका घराला एकदाच जॅक लावावा. आमचा आज लागला."

खोतसाहेबांनी मान हलवली. कॉलरमधे अडकलेला इरकलचा एक धागा काढून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि गेले.

सासूबाईंना फोन मीच केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"साड्यांची घडी कुणी घातली?" त्यांनी विचारलं.

"सुलभाकाकूंनी आणि रेवाने."

"देवा." मग म्हणाल्या, "तू हाक मारलीस तेव्हा ते 'काही नाही' म्हणाले असतील."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, तेच तर सांगत होते रिक्षात! त्यांनी जर 'काही नाही' असं म्हटलं, तर चालत जाऊ नकोस, पळत जा. तू चप्पल बघत होतीस."

रेवा दोन गल्ल्या सोडून असलेल्या मराठी शाळेत गेली. आप्पाच पोचवायचे. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडीच जुळली, आणि रेवा नेमकी तीच धरून चालायची. तिच्या मुठीत ती बरोबर बसते म्हणे. घरात लेव्हलमधे नसलेली तेवढी एकच गोष्ट आहे, आणि आप्पांनी तिच्यावर कधी बाटली ठेवलेली नाही.

ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी हे लिहितेय आणि मागच्या अंगणात ते नळाला काहीतरी करतायत. टक, टक, घर्र. येतोय आवाज.

तुमच्याही घरात मघाशी कसला तरी आवाज येत होता ना? स्टूल ओढल्याचा, पाना पडल्याचा, माळ्यावर काहीतरी सरकवल्याचा? तो अजून येतोय का बघा. येत नसेल तर हाक मारा. आणि आतून "काही नाही" असं उत्तर आलं, तर हे पान उपडं ठेवा आणि जा. पळत जा.